चष्म्याच्या काचेवर नाव लिहिलेला पोरगा

गॉगलच्या काचांवर व्हाइटनरने लिहिल्यासारखं स्वतःचं नाव, आणि त्या अक्षरांच्या फटींतून बघत नाचणारा एक पोरगा. आठवतोय का कुणाला? अमेरिकेतला रॅपर सोल्जा बॉय. गाणं ‘क्रँक दॅट’, साल 2007.

माझी आणि या गाण्याची ओळख फसवणुकीतून झाली. तेव्हा आम्ही हॉस्टेलवर लाइमवायरवरून, म्हणजे लोक एकमेकांना फाइली वाटायचे त्या प्रोग्रॅमवरून, गाणी उतरवायचो. रात्री फाइल लावून झोपायचं आणि सकाळी दात घासायच्या आधी बघायचं, की पूर्ण आली की नव्वद टक्क्यांवर रुसून बसली. एका सकाळी फिफ्टी सेंट या गाजलेल्या रॅपरच्या नावाची फाइल उघडली, तर आतून पत्र्याच्या डब्यावर वाजवल्यासारखी टिणटिण धून, चुटक्या, आणि एक पोरगा ‘यूऽऽऽ’ म्हणून गळा काढतोय. मी शिव्या घालून फाइल उडवायला निघालो. माझा रूममेट गणपतीच्या दिवसांत डीजेवाल्यांना रिमिक्स करून द्यायचा. तो पांघरुणातूनच ओरडला, “थांब रे, परत लाव. हे फ्रूटीलूप्सवर केलंय.” फ्रूटीलूप्स म्हणजे कॉम्प्युटरवर संगीत बनवायचं सॉफ्टवेअर. मग उठून बसला आणि तीनदा ऐकलं. “ही टिणटिण आपल्याकडं पण आहे,” म्हणाला. त्याच्या आवाजात कौतुक होतं की चिडचिड, ते मला तेव्हा कळलं नाही.

पुढे वाचण्यात आलं की नावं बदलून गाणी सोडणं ही त्या पोराचीच युक्ती होती. लोकांना जे हवंय त्याचं नाव द्यायचं आणि आत आपलं गाणं ठेवायचं. दहांतले नऊ शिव्या देतील, दहावा ‘कोण रे हा?’ म्हणून शोधायला लागेल. आमच्या खोलीत दोनच जण होतो आणि तरी एक सापडलाच की!

पोराचं खरं नाव डीआँड्रे वे. जन्म 1990 चा, शिकागोतला. सहाव्या वर्षी अटलांटा आणि चौदाव्या वर्षी वडिलांकडे, मिसिसिपीतल्या बेट्सव्हिल नावाच्या गावी. हे गाव सात-आठ हजार वस्तीचं, म्हणजे आपल्याकडे एखाद्या मोठ्या बाजाराच्या गावाएवढं. तिथे ना रेकॉर्ड कंपनी, ना क्लब, ना कुणाची ओळख. वडिलांनी घरात रेकॉर्डिंगची सोय करून दिली आणि पोरगं कॉम्प्युटरसमोर बसलं. गाणी करायची आणि साउंडक्लिक, मायस्पेस, यूट्यूब, जिथे जागा मिळेल तिथे टाकायची. लोकांनी त्यावर नाचून स्वतःचे व्हिडिओ चढवायला सुरुवात केली. अटलांटाचा निर्माता मिस्टर कॉलिपार्क, ज्याने यिंग यांग ट्विन्स या रॅप जोडीला वर आणलं होतं, तो करार घेऊन दारात आला तोवर गाणं आधीच पोरांच्या पायांत होतं. अधिकृत व्हिडिओची गोष्टही हीच आहे. कॉलिपार्कला घरातली पोरंटोरं हा नाच करताना दिसतात आणि ‘हे काय चाललंय’ म्हणून तो शोध घेतो. साहेबाला बातमी सगळ्यात शेवटी कळते, हे किती खरं आहे!

15 सप्टेंबर 2007 च्या बिलबोर्ड या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत गाणं पहिल्या नंबरवर गेलं, आणि मध्ये एक खंड पडून एकूण सात आठवडे तिथे राहिलं. गायकाचं वय सतरा. पहिलंच सिंगल. अमेरिकेत 30 लाख डिजिटल प्रती विकल्या गेलेलं ते पहिलं गाणं ठरलं. शिवाय रिंगटोन वेगळ्या. ग्रॅमीचं नामांकनही मिळालं, बक्षीस मात्र रॅपर कान्ये वेस्टच्या गाण्याला गेलं.

आता माझं मत. बरीच वर्षं मीही त्या ‘हे काय संगीत आहे का’ गटातलाच होतो, हे आधीच कबूल करतो. शब्द बघाल तर हाती काहीच लागत नाही. ना गोष्ट, ना वेदना, ना शब्दांची करामत. एक सुपरमॅनवाली ओळ आहे, तिला इंटरनेटने असा काही अर्थ चिकटवला की अमेरिकेतल्या आईबापांनी कान झाकून घेतले. पोरं नाचतच राहिली.

पण गाणं म्हणून ते कसं बांधलंय ते नीट ऐका. स्टील ड्रमची चार वळणांची धून, खाली बेसचे धक्के, वर चुटक्या. मधली जागा जवळजवळ मोकळी. आणि शब्द म्हणजे सूचना: आता हे करा, आता ते करा. लेझीम शिकवणारे सर शिट्टी वाजवून ‘एक-दोन, खाली, वर’ करतात ना, त्या जातीचे. त्या शब्दांत कविता शोधणं म्हणजे सरांच्या शिट्टीत राग शोधणं. गाणं पूर्ण होतं ते ऐकणारा उठून उभा राहतो तेव्हा. उड्या मारत पाय एकमेकांवरून टाकायचे, बुटाला मागून हात लावायचा, मग मोटरसायकलचा ॲक्सिलरेटर पिळल्यासारखी मनगटं फिरवायची, आणि शेवटी हात पुढे करून उडाल्यासारखं एका बाजूला झेपावायचं. बघून दहा मिनिटांत येतं. एवढं सोपं काहीतरी करायला डोकं लागतं, आणि ते त्या पोराकडे होतं.

हे आभाळातून पडलेलं नव्हतं. अटलांटात त्याआधी दोन-तीन वर्षं स्नॅप म्युझिक नावाचा प्रकार चालू होता: ढोलाच्या जागी चुटकी, कमी वाद्यं, सोपा नाच. डीफोरएल या तिथल्याच गटाचं गाणं 2006 च्या जानेवारीत पहिल्या नंबरवर जाऊन आलं होतं. न्यूयॉर्कवाल्यांनी नाकं मुरडली होती, आणि त्यांना ती सवयच होती. 1995 साली न्यूयॉर्कला हिपहॉपच्या सोर्स अवॉर्ड्समध्ये दक्षिणेकडच्या अटलांटाच्या आउटकास्ट या रॅप जोडीला नव्या गटाचं बक्षीस मिळालं तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली होती. त्यांच्यातला आंद्रे माइकसमोर उभा राहून म्हणाला की दक्षिणेलाही काही सांगायचंय. आज ते वाक्य सगळे मानाने सांगतात. पण दक्षिणेने सांगायला सुरुवात केली आणि ती चुटक्या वाजवत, हसत, रिंगटोनच्या लांबीत बोलायला लागली, तेव्हा पुन्हा तेच: हे नको, जरा गंभीर बोला! आउटकास्टचं चालतं, कारण ते हुशार वाटतात. बेट्सव्हिलचं पोरगं चालत नाही. प्रमाण भाषेत लिहिणाऱ्यांनी ‘बोलीचं आम्हाला फार कौतुक’ म्हणायचं आणि बोलीतला विनोद आला की ‘पांचट’ म्हणायचं, त्यातलाच हा प्रकार.

2008 मध्ये आइस-टी या जुन्या पिढीतल्या रॅपरने एका मिक्सटेपवर सोल्जा बॉयला जाहीर शिव्या घातल्या आणि म्हटलं की या एकट्याने हिपहॉप मारून टाकलं. गंमत बघा, नॅस या दुसऱ्या रॅपरने ‘हिपहॉप मेलंय’ असं शीर्षक देऊन आख्खा अल्बम काढला होता तो 2006 च्या डिसेंबरात. म्हणजे प्रेत आधीच जाहीर झालेलं, आरोपी नंतर पकडला! पोराने यूट्यूबवरच उत्तर दिलं. विकिपीडियावर आइस-टीचं जन्मसाल बघितलं, 1958, आणि विचारलं की तुम्ही तर इंटरनेटच्या आधीचे, मी तुम्हाला सापडलो तरी कसा? त्यात उद्धटपणा भरपूर आहे. वडीलधाऱ्याशी असं बोलू नये वगैरे सगळं खरं. पण मुद्दा त्याने अचूक पकडला होता. आइस-टीच्या पिढीला रेडिओवाला, कंपनीवाला, मासिकवाला अशा तीन-चार दारांवर टकटक करावी लागली होती. या पोराला ती दारं आहेत हेच माहीत नव्हतं. राग गाण्याचा कमी आणि त्या न ठोठावलेल्या दारांचा जास्त होता, असं माझं मत आहे. कान्ये वेस्टने तेव्हा पोराची बाजू घेतली: वस्तीतून आला, बीट स्वतः केला, एका गाण्यात नवा आवाज आणि नवा नाच दिला, मग हिपहॉप म्हणजे आणखी काय? कान्येशी सहमत व्हायची वेळ माझ्यावर क्वचित येते. ही एक.

एक गोष्ट स्पष्ट करतो. मी गाण्याची बाजू घेतोय, माणसाची नाही. ‘सगळं मीच पहिल्यांदा केलं’ या त्याच्या नंतरच्या गर्जना करमणूक म्हणून ठीक होत्या, पण 2025 च्या एप्रिलमध्ये लॉस एंजेलिसच्या ज्युरीने त्याच्या माजी सहायक महिलेच्या लैंगिक अत्याचाराच्या दिवाणी दाव्यात त्याला जबाबदार धरून 40 लाख डॉलरची भरपाई द्यायला सांगितली. सतरा वर्षांच्या पोराची हुशारी त्यावर पांघरूण घालू शकत नाही आणि मला घालायचंही नाही.

गाण्याने पाडलेली वाट मात्र राहिली. 2019 मध्ये अटलांटाच्याच बाजूच्या लिल नॅस एक्सने 30 डॉलरला विकत घेतलेल्या बीटवर गाणं केलं, टिकटॉकवर पोरांनी त्यावर व्हिडिओ केले, आणि ते 19 आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं. त्याला मात्र कुणी खुनी म्हटलं नाही. म्हणजे थोडं म्हटलं, पण तोवर सगळे सरावले होते.

माझा तो रूममेट आता आयटीत आहे, जुना लॅपटॉप अजून कपाटात ठेवलाय म्हणतो. त्या सकाळच्या आवाजाबद्दल मी त्याला मागच्या महिन्यात विचारलं. म्हणाला, “जळलो होतो रे. सगळं सामान तेच होतं माझ्याकडं.”

मग परवा बहिणीचा मुलगा आला होता, तेरा वर्षांचा, कानात कायम काहीतरी खुपसलेलं. त्याला काही न सांगता स्पीकरवर हे गाणं लावलं. चांगलं का वाईट, जुनं का नवं, कुणाचं, काही म्हणाला नाही. अर्धा मिनिट ऐकलं, मोबाइल सोफ्यावर ठेवला आणि विचारलं, “मामा, याची स्टेप काय आहे?”

दाखवली. दुसऱ्याच उडीला माझ्या गुडघ्यातून आवाज आला.