झारने ग्रँडमास्टर किताब दिल्याची गोष्ट खरी नाही

२० जुलैचा जागतिक बुद्धिबळ दिन जवळ आला की एक मजकूर दरवर्षी फिरू लागतो. यंदा आमच्या बुद्धिबळ वर्गाच्या पालकांच्या गटावर तो तीनदा आला. मजकूर असा: ‘ग्रँडमास्टर हा बुद्धिबळातल्या सर्वोच्च किताबाचा शब्द १९१४ साली जन्मला. सेंट पीटर्सबर्गच्या स्पर्धेत अंतिम फेरी गाठणाऱ्या लास्कर, कापाब्लांका, अलेखिन, टाराश आणि मार्शल या जगातल्या पाच सर्वोत्तम खेळाडूंना रशियाचा झार निकोलस दुसरा याने हा किताब बहाल केला. आज आपली मुलं मिळवतात तो हाच किताब.’

वर्गातली मुलं हे पाठ करतात आणि शाळेत भाषणात सांगतात. म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देतो.

आधी झारचं. स्पर्धा खरी, पाच नावंही खरी. २१ एप्रिल ते २२ मे १९१४ या काळात सेंट पीटर्सबर्गच्या बुद्धिबळ मंडळाने ती भरवली आणि तिच्या खर्चाला झारचा हातभारही लागला होता. पण किताबाचं काय? बुद्धिबळाचे इतिहासकार एडवर्ड विंटर यांनी या गोष्टीचा माग काढला, तेव्हा १९१४ सालचा एकही पुरावा हाती लागला नाही. सर्वांत जुना उल्लेख सापडला तो ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाच्या १५ जून १९४० च्या अंकात. म्हणजे स्पर्धेनंतर तब्बल २६ वर्षांनी! पुढे १९४२ मध्ये मार्शल यांच्या आत्मचरित्रात ती गोष्ट आली आणि तिथून ती जगभर गेली. मार्शल त्या पाचांपैकीच एक होते, त्यामुळे कुणी शंका घेतली नाही. मला इथे मार्शल यांना खोटं ठरवायचं नाही. इतक्या वर्षांनी आठवणी सांगताना माणसाकडून असं होतं. पण विचार करा, ही स्पर्धा काही कोपऱ्यातली नव्हती. तिच्यावर टाराश यांनी त्याच वर्षी अख्खं पुस्तक लिहिलं. रशियाच्या सम्राटाने पाच परदेशी-स्वदेशी खेळाडूंना पदवी दिली असती, तर ती बातमी त्याच महिन्यात छापून आली असती. पाव शतक थांबली नसती.

आता शब्दाचं. तो १९१४ चा मुळीच नाही. १८३८ मध्ये लंडनच्या एका साप्ताहिकात विल्यम लुईस या खेळाडूचा उल्लेख ‘ग्रँडमास्टर’ असा झालेला आहे. १९०७ च्या ऑस्टेंड स्पर्धेत तर दोन वेगळे गटच होते. पूर्वी आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकलेल्या सहा जणांचा वरचा गट, आणि त्या सहांना ग्रँडमास्टर म्हटलं गेलं. त्यात टाराश पहिले आले, मार्शल होते, आणि चिगोरिन, श्लेख्टर, यानोव्स्की, बर्न हेही होते. म्हणजे झारने जो शब्द दिला म्हणतात, तो पाचांपैकी निदान दोघांना सात वर्षं आधीच लागलेला होता.

‘जगातले पाच सर्वोत्तम’ या शब्दांनी मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण त्यात अकिबा रुबिनस्टाइन पुसले जातात. १९१२ या एका वर्षात त्यांनी पाच स्पर्धांत पहिला क्रमांक मिळवला होता, त्यातला एक विभागून. जगज्जेतेपदासाठी तेव्हाचे जगज्जेते लास्कर यांच्याशी त्यांचा सामना व्हायचा होता, तो महायुद्धामुळे झालाच नाही. पीटर्सबर्गला ११ खेळाडूंच्या प्राथमिक फेरीत त्यांचे १० डावांत ५ गुण झाले, अलेखिन आणि मार्शल यांचे ६. एका गुणाने ते बाहेर राहिले. एका स्पर्धेत एका गुणाने हुकलेला माणूस जगातल्या पहिल्या पाचांत नव्हता, असं म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

आणि ‘आज मिळतो तो हाच किताब’? नाही. आजचा किताब जागतिक महासंघाचा, म्हणजे फिडेचा. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या फिडेने तो १९५० मध्ये पहिल्यांदा २७ जणांना दिला. तोवर पीटर्सबर्गच्या अंतिम फेरीतले पाचही जण गेलेले होते: टाराश १९३४ मध्ये, लास्कर १९४१, कापाब्लांका १९४२, मार्शल १९४४, अलेखिन १९४६. त्या २७ जणांत १९१४ च्या स्पर्धेतले दोघे मात्र होते. ओसिप बर्नस्टाइन आणि अकिबा रुबिनस्टाइन. अंतिम फेरी ज्यांना गाठता आली नव्हती, तेच! आज हा किताब नियमाने मिळतो. तीन नॉर्म (म्हणजे स्पर्धेत ठरलेल्या दर्जाची कामगिरी) आणि २५०० रेटिंग (म्हणजे खेळाची ताकद दाखवणारा आकडा), किंवा काही ठरावीक स्पर्धांचं विजेतेपद. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच नियमाने ती थेट ग्रँडमास्टर झाली. तिला तो कुणाच्या मर्जीने मिळालेला नाही.

पालकांना मी एवढंच सुचवलं, की १९१४ बद्दल मुलांना काही सांगायचंच असेल तर लास्कर आणि कापाब्लांका यांचा अंतिम फेरीतला १८ मेचा डाव दाखवा. प्राथमिक फेरीअखेर कापाब्लांका दीड गुणाने पुढे होते आणि ते गुण अंतिम फेरीत धरले जाणार होते. लास्कर यांना जिंकणं भाग होतं, तरी पांढऱ्या मोहऱ्यांनी त्यांनी स्पॅनिश ओपनिंग या डावाच्या सुरुवातीच्या पद्धतीतला उंट-घोड्याच्या अदलाबदलीचा साधा प्रकार निवडला. सातव्या खेळीला दोन्ही वजीर पटावरून गेलेले. बाराव्या खेळीला त्यांनी एफ फाइलीतलं, म्हणजे एफ या उभ्या ओळीतलं, प्यादं पाचव्या घरात ढकललं. त्याने ई-५ हे घर काळ्याच्या ताब्यात जातं, पण ई-६ हे घर पांढऱ्याला मिळतं. सोळाव्या खेळीला त्यांचा घोडा ई-६ वर जाऊन बसला.

रविवारी वर्गात मी हा डाव मोठ्या पटावर मांडला. आठ वर्षांची एक मुलगी प्रत्येक खेळीला त्या घोड्याकडे बोट दाखवून ‘अजून तिथेच’ म्हणत होती. सदतिसाव्या खेळीला तो हलला. बेचाळिसाव्याला कापाब्लांकांनी डाव सोडला. अखेरीस लास्कर यांचे साडेतेरा गुण झाले, कापाब्लांकांचे तेरा.