‘लाख किलोमीटर झाले की जाड ऑइल’: एका संदेशाचा प्रतिवाद

गाडी एक लाख किलोमीटर चालली की इंजिनातले भाग झिजून सैल होतात, म्हणून मॅन्युअलमध्ये सांगितलेले पातळ ऑइल सोडून २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल भरावे, अशा आशयाचा एक लांबलचक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. ‘तीस वर्षे गॅरेज चालवणाऱ्या मिस्त्रीचा सल्ला’ असे त्याचे शीर्षक असून त्यात आणखी बरेच काही ठासून सांगितले आहे: आपल्याकडच्या उन्हात पातळ ऑइलचे पाणी होते, ऑइलचा कस बोटांच्या चिमटीत कळतो, ऑइलचा लाल दिवा लागू लागला तर जाड ऑइल हाच इलाज, सिंथेटिकमुळे जुन्या गाड्या गळतात, काळे झालेले ऑइल म्हणजे मेलेले ऑइल, आणि पातळ ऑइल हा कंपन्यांचा मायलेजचा आकडा फुगवण्याचा डाव आहे. असे संदेश मी एरवी वाचून सोडून देतो. पण माझ्या मेहुण्यांनी तो प्रमाण मानून, मॅन्युअलमध्ये स्पष्टपणे ५डब्ल्यू-३० लिहिलेले असताना, आपल्या पेट्रोल गाडीत २०डब्ल्यू-५० भरून घेतले आणि वर ‘इंजिन कसे शांत झाले बघा’ असे मलाच सुनावले, तेव्हा उत्तर देणे भाग पडले.

आधी चिमटीच्या परीक्षेचा निकाल लावू. साखरेच्या पाकाची एकतारी-दोनतारी पाहावी तसे ऑइल अंगठा आणि तर्जनीमध्ये ओढून पाहावे आणि तार सुटली नाही तर ते फेकून द्यावे, असे हा संदेश सांगतो. ऑइलच्या ग्रेडचा दुसरा आकडा (५डब्ल्यू-३० मधला ३०) ज्या प्रमाणकावरून ठरतो, त्या एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेच्या जे३०० मध्ये मोजणी १०० अंश सेल्सिअसला होते, आणि वेगाने घासल्या जाणाऱ्या थराची चाचणी तर १५० अंशांना होते. आपली बोटे हे काम तीस-पस्तीस अंशांवर करतात. बाजारातल्या सर्वसाधारण ५डब्ल्यू-३० ची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, ४० अंशांवर साधारण ६५ सेंटिस्टोक (श्यानतेचे एकक) असते, तर २०डब्ल्यू-५० ची १०० अंशांवर १८ च्या आसपास. म्हणजे बोटांना ‘पाण्यासारखे’ लागलेले ते पातळ ऑइल, चालत्या इंजिनात तापलेल्या जाड ऑइलपेक्षा तिपटीहून अधिक घट्ट असते. ज्या अवस्थेत इंजिन ऑइल वापरते त्या अवस्थेत त्याला बोट लावण्याची कोणाची छाती होणार नाही, त्यामुळे ही परीक्षा इथेच संपते.

उन्हाचा मुद्दाही याच कारणाने पडतो. थर्मोस्टॅटमुळे, म्हणजे तापमान राखणाऱ्या झडपेमुळे, इंजिनातले पाणी नागपुरात मे महिन्यात असो वा महाबळेश्वरात डिसेंबरात, जवळपास त्याच तापमानाला राखले जाते आणि तापलेले ऑइल बहुधा ९० ते ११० अंशांच्या दरम्यान असते. बाहेरच्या ४५ अंशांनी तापून ‘पाणी’ व्हायला त्या ऑइलला आधी पन्नास अंशांनी थंड व्हावे लागेल. उलट पहिला आकडा, जो थंडीतल्या वर्तनाचा आहे, त्याबाबत संदेशाच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावी लागते: २०डब्ल्यू या श्रेणीचे ऑइल उणे २० अंशांपर्यंत पंपातून ओढले गेलेच पाहिजे अशी जे३०० ची अट असल्याने महाराष्ट्रात त्यापायी गाडी सुरूच होणार नाही, असे घडणार नाही. अवजड मालवाहतूक करणाऱ्या किंवा घाटात सतत ओझे ओढणाऱ्या गाडीचे ऑइल जास्त तापते हेही खरे. तशा वापरासाठी मॅन्युअलमध्येच बहुधा वेगळी सूचना असते.

खरा संताप येतो तो लाल दिव्याच्या सल्ल्याचा. डॅशबोर्डवरचा ऑइलच्या झारीचा दिवा दाब मोजत नाही. दाब एका किमान पातळीखाली, साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेला की एक स्विच जोडला जातो आणि दिवा पेटतो. सिग्नलला गाडी थांबली असताना तो लुकलुकू लागला तर कारणे मोजकी असतात: ऑइलची पातळीच खाली गेली आहे, पंप झिजला आहे, क्रँकचे बेअरिंग सैल झाले आहे, स्विच बिघडला आहे किंवा चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या) तळाशी असलेली पंपाची जाळी गाळाने बुजली आहे. वर्षानुवर्षे ऑइल वेळेवर न बदललेल्या जुन्या गाडीत शेवटचे कारण फार आढळते. चेंबर खोलला की त्या जाळीवर डांबरासारखा काळा थर चिकटलेला दिसतो आणि मधली दोन-चार भोके तेवढी उघडी असतात. आता अशा जाळीतून आणखी जाड ऑइल ओढायला लावले तर काय होईल? सकाळी गार इंजिनात पंपाला पुरेसे ऑइल मिळणार नाही, तो हवा-फेस ओढेल आणि सर्वांत लांबच्या टोकाला, म्हणजे झडपा उघडणाऱ्या वरच्या कॅमशाफ्टला, सर्वांत आधी उपासमार होईल. जाळी मोकळी असून बेअरिंग गेले असेल तर जाड ऑइलने दाब ०.३ वरून ०.६ वर जाईल आणि दिवा विझेलही. पण इतकेच झाले, बेअरिंग होते तसेच खिळखिळे आहे. जी सूचना मिळून थोड्या खर्चात चेंबर उघडून काम भागले असते, ती गप्प केल्याने पुढे क्रँकपर्यंत खर्च जातो. दिवा लागल्यावर करायचे ते एवढेच: इंजिन बंद करावे, डिपस्टिक काढून पातळी पाहावी, आणि पातळी ठीक असेल तर गाडी न चालवता गॅरेजमध्ये न्यावी व यांत्रिक गेज लावून दाब प्रत्यक्ष मोजून घ्यावा.

‘इंजिन शांत झाले’ याचाही अर्थ इथेच लागतो. घट्ट थर टॅपेटचा, म्हणजे झडपा ढकलणाऱ्या भागांचा, आवाज दाबतो. आवाज ज्या झिजेमुळे येतो ती झीज दाबत नाही. शिवाय गेजवर दाब वाढलेला दिसणे म्हणजे अधिक ऑइल पोहोचणे असे नसते, कारण पंप दर फेऱ्याला ठरावीक माप ढकलतो, आणि ऑइल जाड असल्याने दाब मर्यादेपलीकडे गेला की रिलीफ व्हॉल्व्ह उघडून त्यातला काही भाग बेअरिंगपर्यंत न जाताच परत फिरतो. गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या अनेक पेट्रोल इंजिनांत व्हॉल्व्हचे टायमिंग बदलणारी यंत्रणाही ऑइलच्याच दाबावर, बारीक जाळीच्या सोलेनॉइडमधून (विजेवर चालणाऱ्या झडपेतून) चालते. संगणकाने अपेक्षिलेल्या वेळात ती हलली नाही की चेक इंजिनचा दिवा लागतो आणि मग सेन्सर बदलण्याचे सत्र सुरू होते.

लाख किलोमीटर हा आकडा कुठून आला, याचा उगम संदेशात नाही. वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनाला तो आकडा कळतही नाही. गाडी ऑइल खात असेल तर आधी कुठून खाते ते पाहावे. रात्रभर उभी राहून सकाळी सुरू करताना निळा धूर मारत असेल तर बहुधा व्हॉल्व्ह सील गेलेली असतात. चढावर जोर दिल्यावर धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगांवर संशय घ्यावा. आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून, मग सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून ते पुन्हा मोजले असता आकडा चांगला वाढला तर रिंगा गेल्या हे जवळपास नक्की होते. इंजिनात साठलेले वायू बाहेर ओढणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबला तर तोही ऑइल खायला लावतो आणि तो बदलणे सहसा स्वस्तात होते. मॅन्युअलमध्ये एकाहून अधिक ग्रेड दिलेल्या असतील, तर झिजलेल्या इंजिनासाठी त्यांतली जाड निवडण्याला माझी हरकत नाही. त्याने ऑइल खाणे थोडे कमी होते, आणि संदेशातले अर्धसत्य ते एवढेच. पण ३० वरून ४० ला जाणे निराळे आणि थेट २०डब्ल्यू-५० गाठणे निराळे.

काळ्या रंगाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ऑइलमधली स्वच्छक रसायने काजळी धरून ठेवतात म्हणून ते काळवंडते, आणि डिझेल गाडीत तर नवे ऑइलही लगेच काळे होते. घाबरायचे असेल तर ताकासारखे पांढरट झालेल्या ऑइलला घाबरावे, कारण त्यात पाणी शिरलेले असू शकते. सिंथेटिकने सील गळतात ही तक्रार सत्तरच्या दशकातल्या सुरुवातीच्या ऑइलांना काही अंशी लागू होती, पुढे घटक बदलले. आज गळती दिसली तर बहुधा सील आधीच कडक झालेले असते आणि आतला गाळ धुतला गेल्यावर ते उघड होते.

कंपन्यांच्या डावाबाबत मात्र थोडे नमते घ्यावे लागते. जे३०० मध्ये २०१३ साली १६ आणि २०१५ साली १२ व ८ या ग्रेड आल्या त्या मुख्यतः इंधन वाचवण्यासाठीच, आणि भारतातही २०१७-१८ पासून कार कंपन्यांवर सरासरी इंधनवापराचे नियम लागू आहेत. पण त्यावरून, जे इंजिन पातळ ऑइल धरूनच घडवले गेले त्याचा पंप, बेअरिंग आणि जाळ्या आपण घरबसल्या बदलू शकतो असे होत नाही. याउलट प्रीमियर पद्मिनी किंवा अँबेसेडर अशी जुनी पुशरॉड (दांड्यांनी झडपा उघडणारी) गाडी ज्यांनी हौसेने सांभाळली आहे, त्यांच्यासाठी संदेशातले जाड ऑइल योग्यच आहे. मिस्त्रीबुवांचा अनुभव बहुधा त्याच काळातला असावा. या जुन्या गाड्यांच्या चपट्या टॅपेटला झिजेपासून वाचवणारे जस्त-फॉस्फरसचे संयुग गाडीचा धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरक कन्व्हर्टरला मारक ठरते, म्हणून अमेरिकी पेट्रोलियम संस्थेच्या २००४ च्या एपीआय एसएम श्रेणीपासून पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरसला ०.०८ टक्क्याची कमाल मर्यादा आहे. तेव्हा पद्मिनीवाल्यांनी दुकानात ५० हा आकडा मागून थांबू नये, डब्यातल्या ऑइलच्या माहितीपत्रकात फॉस्फरसचे प्रमाण किती दिले आहे तेही पाहून घ्यावे.