खबरदारीचा उपाय म्हणून

मंगळवारी आलेल्या पत्राने मला असे कळवले आहे की माझी गाडी बंद असताना, किल्ली माझ्या पर्समध्ये असताना आणि मी गाढ झोपेत असतानाही पेट घेऊ शकते. मात्र तसे घडण्याचे प्रमाण ‘अत्यल्प’ असल्यामुळे मी घाबरून जाण्याचे कारण नाही. खबरदारीचा उपाय म्हणून गाडी इमारतीपासून आणि इतर वाहनांपासून दूर, मोकळ्या जागेत उभी करावी. सदोष भाग विनामूल्य बदलून दिला जाईल. तो भाग तूर्त उपलब्ध नाही. उपलब्ध होताच कळवण्यात येईल, आणि तोपर्यंत मी दाखवत असलेल्या संयमाबद्दल कंपनी माझी आभारी आहे.

हा संयम मी नेमका कधी दाखवला, हे मला कोणीतरी सांगावे. पत्र हातात पडल्यापासून मी घरातल्या प्रत्येकावर एकदा तरी ओरडले आहे. शिवाय ‘विनामूल्य’ हा शब्द त्यांनी ठळक अक्षरांत छापला आहे, जणू सणानिमित्त सवलतच जाहीर केली आहे. माझ्या गाडीत आग लावणारा भाग तुम्हीच बसवलात आणि तो तुम्हीच काढून नेणार, तर त्याचे पैसे मी देणार नाही, ही बातमी आहे की उपकार? ‘अत्यल्प’ या शब्दावर तर माझा विशेष राग आहे. लाखो गाड्यांच्या हिशेबात तो शब्द खरा असेलही. पण माझी गाडी पेटली, तर ती अत्यल्प पेटणार नाही. आणि हे सगळे कंपनी ‘स्वेच्छेने’ करीत आहे, असेही त्यात म्हटले आहे.

मी फोन केला. किती वेळ संगीत ऐकले ते सांगत बसत नाही, सर्वांनी ऐकलेले आहे. पलीकडच्या मुलाला सतरा अक्षरांचा चासी नंबर मी तीन वेळा वाचून दाखवला आणि तिसऱ्या वेळी तो म्हणाला, “मॅडम, तुमची गाडी आमच्या यादीत दिसत नाही.” मी म्हटले, हाच नंबर तुमच्या पत्रात छापलेला आहे. तो म्हणाला, “पत्र दुसऱ्या विभागाकडून जाते, मॅडम. यादी अजून अद्ययावत झालेली नसेल. तुम्ही काळजी करू नका.” मग गाडी कुठे उभी करू, असे मी विचारले. त्यावर थोडा वेळ शांतता पसरली आणि मग त्याने मला, जशी उभी करता तशीच उभी करा, असे सांगितले. म्हणजे पत्र लिहिणारा म्हणतो दूर ठेवा, फोन उचलणारा म्हणतो जवळ ठेवली तरी चालेल, आणि सर्व्हिस सेंटरवरचा सल्लागार म्हणतो की असे काही पत्र निघाल्याचे तो माझ्याकडूनच प्रथम ऐकत आहे. फोन ठेवल्यानंतर दोन मिनिटांत संदेश आला: आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल? आणि त्याच संध्याकाळी दुसरा: तुमच्या गाडीची वाढीव वॉरंटी घेण्याची ही शेवटची संधी आहे.

सर्व्हिसची तारीख एक दिवस उलटली की यांना कळते. कोणी मागितलेले नसताना रात्रीत सॉफ्टवेअर बदलून एसीचे बटण पडद्याच्या तिसऱ्या पानावर नेऊन ठेवणे यांना जमते. डॅशबोर्डमधून येणाऱ्या खडखडाटाची तक्रार केली, तेव्हा “या मॉडेलच्या सगळ्याच गाड्यांना येतो” असे अभिमानाने सांगण्याइतकी माहितीही यांच्याकडे असते. फक्त आग लागू शकते ही गोष्ट कधी कळली, हे विचारले की सगळ्यांची स्मरणशक्ती एकदम जाते. पत्रात सगळे आहे, ती एक तारीख मात्र नाही.

आणि मला तीच तारीख हवी आहे. दोष राहतो, हे मला मान्य आहे. हजारो सुटे भाग जोडलेल्या यंत्रात एखादा चुकीचा निघणारच, आणि चूक सांगून दुरुस्त करणाऱ्याची गाडी मी पुन्हाही घेईन. पण या धंद्याचा इतिहास ज्याने थोडासा जरी वाचला आहे, त्याला ‘खबरदारीचा उपाय म्हणून’ हे शब्द वाचून झोप लागणार नाही. जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचचेच पाहा. किल्लीला धक्का लागून गाडी चालता चालता बंद पडायची आणि मग एअरबॅगही उघडायच्या नाहीत. तो स्विच २००६ मध्ये गुपचूप सुधारण्यात आला, पण त्याचा भाग क्रमांक तोच ठेवण्यात आला, त्यामुळे पुढे शोध घेणाऱ्यांना काही बदलले आहे याचा पत्ताच लागेना. गाड्या परत बोलावल्या त्या २०१४ मध्ये, आणि नुकसानभरपाईच्या निधीने अखेर १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगमध्ये वायू निर्माण करण्यासाठी अमोनियम नायट्रेट वापरले होते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने ते बिघडायचे आणि जीव वाचवायला बसवलेली पिशवी धातूचे तुकडे फेकायची. त्यातही कडी म्हणजे काही मालकांना बदली म्हणून त्याच जातीचा नवा इन्फ्लेटर, म्हणजे पिशवी फुगवणारा भाग, बसवून देण्यात आला आणि काही वर्षांनी तोही बदलण्यासाठी पुन्हा बोलावण्यात आले.

मित्सुबिशीची गोष्ट मला सर्वांत जास्त आवडते, म्हणजे सर्वांत जास्त चीड आणते. ग्राहकांच्या तक्रारी १९७७ पासून सरकारपासून लपवून ठेवल्याचे त्या कंपनीने २००० मध्ये कबूल केले, आणि तपासणीला गेलेल्या अधिकाऱ्यांना ती कागदपत्रे कर्मचाऱ्यांच्या कपडे बदलण्याच्या खोलीत सापडली होती. एवढ्या मोठ्या कंपनीला लपवायला जागा सापडली ती शर्टांमागे! हे मी घरात तावातावाने सांगत होते, आणि पुरावा म्हणून गाडीची सगळी कागदपत्रे टेबलावर आणून ठेवावीत, या हेतूने मी खण उघडला.

खणात याच कंपनीचे आणखी एक पत्र निघाले. बंद पाकीट, सात महिन्यांपूर्वीच्या शिक्क्याचे. जाहिरात समजून मीच ते विम्याच्या कागदांखाली सरकवले असणार. त्यात हाच दोष, हीच सूचना, हेच आभार. म्हणजे सात महिने मी ती गाडी घराच्या भिंतीला चिकटून उभी करत होते आणि रोज रात्री शांत झोपत होते. मित्सुबिशीने वीस वर्षांहून अधिक काळ लपवले, मी सात महिने. आणि त्यांच्यासारखीच मलाही कपाटाचीच सोय सुचली. घरातल्यांनी यावर जे हसायचे ते हसून घेतले. ते पाकीट फाडण्याआधी मी स्वतःच दुसऱ्या खोलीत नेले होते, हे मात्र मी त्यांना सांगितलेले नाही.

तरीही माझा मुद्दा कायम आहे आणि तो मी सोडणार नाही: गाडी पेटू शकते हे सांगायला एक साधे पाकीट, तेही वाढीव वॉरंटीच्या पाकिटासारखेच दिसणारे, पुरते असे ज्याला वाटले, त्याने ते उघडले जाऊ नये याचीच सोय केली होती. सर्व्हिसची आठवण करून द्यायला हेच लोक चार वेळा फोन करतात. शेव्हरोले बोल्ट या विजेवरच्या गाडीच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या, तेव्हा २०२१ मध्ये मालकांना निदान इतर गाड्यांपासून ५० फूट अंतर ठेवा असे आकड्यात सांगण्यात आले होते. आमच्या पत्रात नुसतेच ‘दूर’.

तर मी गाडी दूर नेऊन उभी केली आहे. जवळपास मोकळी जागा एकच आहे. काल रात्री दोन वाजता नेहमीप्रमाणे उठून खिडकीतून पाहिले, तर तिच्या शेजारी, दार उघडण्यापुरते अंतर सोडून, त्याच मॉडेलची दुसरी गाडी उभी होती. तिच्या मालकानेही पत्र वाचलेले दिसते.