‘चाकू समोर असताना गोड बोलायचं का?’ या कमेंटला उत्तर

नमस्कार. पोलिसांनी बोलून प्रसंग निवळला तर बळ कमी वापरावं लागतं, या संशोधनावर मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की हे सगळं एसीत बसून केलेलं, समोरचा चाकू घेऊन उभा असताना पोलीस गोड बोलत बसला तर पहिला वार त्याच्यावरच होणार, आणि मला पब्लिकची काळजी आहे पण वर्दीतल्या माणसाची नाही. तिखट लिहिलंय, पण प्रश्न रास्त आहे म्हणून जरा लांबण लावतो.

चाकूचंच घेऊ. अमेरिकेत लुईव्हिलच्या पोलिसांना 2019 मध्ये जे ट्रेनिंग दिलं ते नेमकं अशाच प्रसंगांसाठी, म्हणजे माणूस भडकलाय किंवा डोकं ठिकाणावर नाहीये, हातात काहीतरी असेल पण बंदूक नाही. आणि त्यात बोलणं म्हणजे गोड बोलणं नव्हे हो, लांब थांबायचं, आडोसा घ्यायचा, घाई करायची नाही, बॅकअप येईपर्यंत त्याला बोलण्यात गुंतवायचं. सगळ्यांना एकदम न शिकवता टप्प्याटप्प्याने शिकवलं, कोणाचा नंबर आधी ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून, त्यामुळे तुलना करता आली. बळाचा वापर 28 टक्क्यांनी कमी, नागरिकांना होणाऱ्या दुखापती 26 टक्क्यांनी, आणि पोलिसांच्या स्वतःच्या? 36! धावत जाऊन अंगाला भिडलं की झटापट होते आणि झटापटीत कोणाला किती लागेल ते कोणाच्याच हातात नसतं, एवढं साधं आहे ते.

यावरून खातंच सुधारलं असं नाही हां. तिथेच 2020 मध्ये रात्री दार तोडून टाकलेल्या छाप्यात ब्रिओना टेलर ही तरुणी पोलिसांच्या गोळ्या लागून गेली, आणि 2023 मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने या पोलिसांवर लोकांचे हक्क डावलल्याचा ठपका ठेवला. छाप्याचं वॉरंट ऑफिसात बसून तयार होतं, ते रस्त्यावरच्या ट्रेनिंगने कसं सुधारणार.

पाठ करून घेतलेल्या सौजन्यावर तुम्ही चिडलात, ते मला पटतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला रस्त्यावर गाडी चालवणाऱ्यांच्या दारूच्या तपासणीत पोलिसांना ठरलेली सौजन्याची वाक्यं बोलायला लावली तर लोकांचं मत सुधारलं, तेच स्कॉटलंडमध्ये करायला गेले तर उलटंच झालं. का करायचं ते पोलिसांना कोणी नीट सांगितलंच नव्हतं, त्यांना वाटलं साहेब लोक आपली अक्कल काढतायत.

राहिला पोलिसांच्या वर्दीवर लावायचा कॅमेरा. त्याने हात बांधले जातात म्हणालात, तर वॉशिंग्टन डीसीत दोन हजारांवर पोलिसांवर प्रयोग झाला, 2017 ला निकाल आला, बळाच्या वापरात सांगण्यासारखा फरक नाही. हातही बांधले गेले नाहीत आणि कॅमेऱ्याचे भक्त म्हणत होते तो चमत्कारही झाला नाही.