कर्जाचा खरा आकडा घरात सांगा

पगारदारांच्या पतसंस्थेत कर्ज समितीवर बसायला लागल्यापासून एक गोष्ट सतत दिसतेय, ती आज सविस्तर लिहितो. कर्जात अडकलेल्या नोकरदाराच्या घरात त्या कर्जाचा पूर्ण आकडा बहुतेक वेळा एकालाच माहीत असतो. कित्येकदा त्यालाही धड माहीत नसतो. आणि जोवर तो आकडा घरात सांगितला जात नाही, तोवर कितीही टॉपअप, म्हणजे चालू कर्जावर वाढीव कर्ज, घ्या, कर्ज फिटत नाही. हे माझं ठाम मत आहे.

आमच्याकडे येणारे सभासद म्हणजे शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेविका, लिपिक. नियमित पगार असलेली माणसं. पगारपत्रकावर सोसायटीची कपात, विमा, गृहकर्ज असं सगळं जाऊन हातात किती येतो ते आम्हाला दिसतं. हातात आल्यानंतर त्याचं काय होतं ते मात्र दिसत नाही. दोन क्रेडिट कार्डं, एक फायनान्स कंपनी, मोबाइलवरची ॲप, मेहुण्याकडून हातउसने, सोनारापाशी ठेवलेल्या पाटल्या, यातलं काहीही त्या पगारपत्रकावर नसतं. माणूस समोर बसतो आणि विचारतो, "साहेब, टॉपअप किती बसतंय?" कशासाठी, तर म्हणे घराचं काम. घराचं काम नसतं हे त्यालाही माहीत असतं आणि मलाही.

असे एक सभासद मध्यंतरी आले होते. त्यांची ओळख पटेल असं काही लिहीत नाही. मी म्हटलं, "टॉपअपचं नंतर बघू, आधी बाहेरचं किती आहे ते सांगा." ते म्हणाले, "असेल चार-साडेचार लाख." मी त्यांच्याच पगारपत्रकाची पाठकोरी बाजू पुढे सरकवली आणि एकेक लिहायला सांगितलं. एक कार्ड 1,40,000. दुसरं 85,000. फायनान्स कंपनीचं वैयक्तिक कर्ज 3 लाख बाकी. तीन ॲपचे मिळून 45,000. मेहुण्याचे 50,000. पाटल्यांवर 1,20,000. बेरीज 7,40,000. गृहकर्ज आणि आमचं कर्ज यात धरलेलंच नाही. बेरजेखाली रेघ मारून ते बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले. मी विचारलं, "वहिनींना माहीत आहे?" "पाटल्यांचं तेवढं माहीत आहे. फीसाठी ठेवल्यात म्हणून."

दोन दिवसांनी दोघं मिळून आले. वहिनींनी कागद वाचला. त्या रागावतील, रडतील असं सभासदांना वाटत होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, मला आधी सांगितलं असतंत तर दिवाळीत मी सोफ्याचा हट्ट धरला असता का?"

अख्खा विषय या एका वाक्यात आहे. आपण म्हणतो अमक्याच्या घरचे फार खर्चिक आहेत, बायको ऐकत नाही, पोरांना महागडा फोन लागतो. अरे, पण त्यांना सांगितलंय कुणी? त्यांना दर महिन्याला पगार येताना दिसतो, ऑनलाइन मागवलेले खोके घरी येताना दिसतात, हप्ता जाताना दिसत नाही. घर आपल्या परीने बरोबरच खर्च करत असतं, चुकीच्या आकड्यावर. वरचे सात लाख चाळीस हजार एकट्याने उधळलेले नव्हते. बहिणीच्या मुलीच्या लग्नातला आहेर, वास्तुशांतीला चारशे पानं, मुलाच्या क्लासची फी, आणि मग आधीचा हप्ता भरायला घेतलेलं पुढचं कर्ज. ऋण काढून सण करू नये हे आपल्याकडे प्रत्येकाला तोंडपाठ आहे, पण सण घराचा आणि ऋण एकट्याचं, अशी वाटणी झाली की म्हण पाठ असून काही उपयोग होत नाही.

म्हणूनच "रोजचा चहा सोडा, महिन्याला एवढे वाचतील" छापाच्या सल्ल्यांचा मला मनापासून राग येतो. टपरीवरच्या चहाने कुणी कर्जबाजारी झालेला मी पाहिलेला नाही. त्या माणसाला दिवसभरात तेवढाच एक निवांत क्षण मिळत असतो, तोही काढून घ्यायचा आणि खरं छिद्र तसंच ठेवायचं.

खरं छिद्र कुठे असतं ते हिशेबानेच दाखवतो. कार्डावर 1 लाख रुपये थकले आहेत असं धरा. बऱ्याच कार्डांचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे 3,500 रुपये. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 630. झाले 4,130. बिलावर 'मिनिमम ड्यू' म्हणून साधारण पाच टक्के, म्हणजे 5,000 छापून येतात. तुम्ही इमानदारीने 5,000 भरता आणि मुद्दलातून कमी होतात 870 रुपये. शिवाय जुनी बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज पेट्रोल भरलं की आजपासून व्याज. आमच्या या सभासदांनी "मी एकही तारीख चुकवलेली नाही" असं अभिमानाने सांगितलं होतं आणि ते खरंही होतं. मिनिमम भरत राहिलं तर थकबाकीदाराचा शिक्का लागत नाही, एवढाच त्याचा फायदा. बाकी सगळा फायदा कार्ड देणाऱ्याचा.

या व्याजाला वरून कुणी आवर घालेल, या आशेवर राहू नका. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये निकाल दिला होता की कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला 30 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित प्रथा आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये तो निकाल रद्द केला. कायद्याच्या अंगाने त्यांची कारणं असतील, मी वकील नाही. ग्राहक म्हणून एवढं कळतं की 30 टक्क्यांची ती भिंत आता नाही.

'नो कॉस्ट ईएमआय', म्हणजे बिनव्याजी म्हणवले जाणारे हप्ते, यांचंही असंच. व्याजाएवढी सूट किमतीत दाखवतात, पण त्या व्याजावरचा जीएसटी आपल्याच माथी येतो, बऱ्याच ठिकाणी प्रोसेसिंग फी वेगळी. माल रोख घेतला असता तर दुकानदाराने काय कमी केलं असतं, हे विचारायचं आपण विसरूनच गेलोय. दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न "महिन्याला किती बसेल?" हाच असतो.

आता त्या दोघांनी काय केलं ते सांगतो. याचा कुणाला तरी उपयोग होईल.

दोन्ही कार्डं त्यांनी तिथल्या तिथे ॲपमधून बंद केली, म्हणजे नवा व्यवहार होणार नाही एवढं. बाकी फिटल्याशिवाय कार्ड कायमचं बंद होत नाही. मग पाटल्या. या मुद्द्यावर मी स्वतःहून बोलणार नव्हतो, कारण ते स्त्रीधन आहे आणि त्याबद्दल निर्णय फक्त तिचाच असायला हवा. वहिनींनी स्वतःच विषय काढला. म्हणाल्या, "पाटल्या तिकडे पडून आहेत, मी घालत नाहीये, आणि आपण त्यांचं व्याज भरतोय. मोडा." गेल्या काही वर्षांत सोन्याचा भाव कुठल्या कुठे गेला. 2025 मध्ये तोळ्याने लाख ओलांडला. तारण ठेवलं तेव्हाच्या भावाने कर्ज मिळालं होतं, मोडलं आजच्या भावाने. तारणकर्ज फिटून उरलेल्या पैशात मोठं कार्ड आणि दोन ॲप साफ झाली. सोनं मोडणं म्हणजे घराची अब्रू गेली, असं समजणारी माणसं मला रोज भेटतात. तीच माणसं कार्डावर वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर व्याज भरत असतात. घरात सोनं आणि डोक्यावर कार्डाचं कर्ज, हे दोन्ही एकाच वेळी सांभाळण्यात कसली अब्रू आलीय?

दुसरं कार्ड आणि उरलेलं ॲप यासाठी आम्ही टॉपअप दिलं, पण पैसे त्यांच्या हातात न देता थेट त्या खात्यांवर भरले आणि ना-देय दाखला, म्हणजे बाकी उरली नसल्याचं पत्र, मागितला. आमचा दर दहा टक्क्यांच्या आसपास आहे. बेचाळीस टक्क्यांचं कर्ज दहावर आणणं शहाणपणाचं आहेच, पण कार्ड उघडं ठेवून टॉपअप घेतलं तर वर्षभरात कार्डही भरतं आणि टॉपअपही डोक्यावर राहतं. असे सभासद आमच्याकडे आहेत. अशा वेळी कर्ज देणारे आम्हीही तितकेच जबाबदार असतो.

मेहुण्याला दोघांनी जाऊन सांगितलं की दर महिन्याला पाच हजार देऊ, त्याहून जास्त जमणार नाही. तो "असू दे हो दाजी, घाई नाही" म्हणाला. त्याला पैशाची अडचण नव्हतीच. दाजी फोन उचलत नाहीत याचं त्याला वाईट वाटत होतं.

ॲपच्या त्रासाबद्दल थोडं. रिझर्व्ह बँकेने 2022 मध्येच डिजिटल कर्जाचे नियम केले आहेत. कर्ज देणाऱ्या ॲपला तुमच्या फोनमधली संपर्कयादी आणि फोटो उघडायची परवानगी नाही. वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाही. नातेवाइकांना फोन करून बदनामी करणं हा वसुलीचा मार्ग नाही. असं होत असेल तर स्क्रीनशॉट ठेवा, रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर तक्रार करा, धमकी किंवा फसवणूक असेल तर सायबर हेल्पलाइन 1930. आणि गावातल्या सावकाराकडे महिना शेकडा पाच-दहाने गेला असाल, तर 2014 च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमानुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. पण हे सगळं करायला सुद्धा घरात आधी माहीत असावं लागतं. धमकी देणाऱ्याचं अर्धं बळ "घरी सांगेन" या दोन शब्दांत असतं. घरी आधीच माहीत असेल तर तो काय सांगणार?

सेटलमेंटच्या नादाला मात्र विचार करून लागा. "अर्धे भरा, बाकी माफ" हे ऐकायला बरं वाटतं, पण क्रेडिट अहवालावर, म्हणजे तुमच्या कर्जांच्या आणि परतफेडीच्या नोंदीवर, 'सेटल्ड' असा शेरा बसतो आणि पुढे गृहकर्ज मागताना तो आडवा येतो. अगदीच इलाज नसेल तर लेखी पत्र हातात आल्याशिवाय एक रुपया भरू नका. आणि स्वतःचा क्रेडिट अहवाल वर्षातून एकदा सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट माहिती संस्थेकडून फुकट मिळतो, तो काढा. विसरलेलं एखादं कर्ज, कुणाला जामीन राहिलेलं प्रकरण, सगळं त्यात दिसतं.

आता माझी मागणी. येत्या वार्षिक सभेत मी दोन ठराव मांडणार आहे. एका मर्यादेच्या वरच्या प्रत्येक कर्ज अर्जासोबत सभासदाचा क्रेडिट अहवाल हवा. आणि अर्जावर घरातल्या एका सज्ञान माणसाची "वाचलं" म्हणून सही हवी. जामीन म्हणून नाही, परवानगी म्हणून तर अजिबात नाही. एका भगिनी सभासदाने लगेच हरकत घेतली की आम्ही कमावतो, नवऱ्याची सही कशाला आणायची? हरकत रास्त आहे, म्हणून मी लिहिलंय की माणूस कोण ते सभासदाने ठरवावं. आई चालेल, बहीण चालेल, वीस वर्षांची मुलगी चालेल. उलट मला काळजी आहे ती अशा भगिनींचीच, ज्यांच्या पगारावर दीर, नवरा आपल्या धंद्यासाठी कर्ज उचलायला लावतात आणि माहेरी कुणाला पत्ता नसतो. त्यांच्यासाठी ही सही म्हणजे कुणीतरी सोबत असल्याचा कागद होईल.

काही संचालकांचं म्हणणं आहे की अशाने कर्जवाटप कमी होईल, नफा घटेल, लाभांश कमी द्यावा लागेल. पडू दे थोडा कमी. सभेला या, विरोध असेल तर तिथे उभं राहून बोला, मी उत्तर देईन.