वूचमधील गुंतवणूक : एका आक्षेपाला उत्तर

महोदय,

पोलंडमधील वूच या शहरावरील माझ्या लेखाविषयीचा आपला आक्षेप मी दोनदा वाचला. ज्या शहरातली वस्ती वर्षानुवर्षे घटते आहे आणि जिथले कारखाने उठून जात आहेत, तिथे भांडवल घालण्यास सुचवणे बेजबाबदारपणाचे आहे, असे आपण म्हटले आहे. त्यातला कारखान्यांविषयीचा भाग मला मान्य आहे.

स्वस्त मजुरी हे वूचचे मुख्य बलस्थान असल्याचे मी लिहिले, ती माझी चूक होती. २००९ मध्ये डेलने आयर्लंडमधील लिमरिकचे संगणक-उत्पादन वूचला हलवले, तेव्हा लिमरिकमधल्या १,९०० जणांच्या नोकऱ्या गेल्या आणि पोलंड सरकारने डेलला देऊ केलेल्या सुमारे साडेपाच कोटी युरोंच्या मदतीला युरोपीय आयोगाने मंजुरी दिली. अशा हिशेबावर आलेला उद्योग हिशेब बदलला की टिकेल, याची हमी कोणी देऊ शकत नाही. २०२४ मध्ये बेकोने वूच आणि व्रोत्सुआफ येथील घरगुती उपकरणांचे कारखाने बंद करण्याचे जाहीर केले, त्याची झळ सुमारे १,८०० कामगारांना बसली.

मात्र वस्ती घटली म्हणजे शहर संपले, हे मला पटत नाही. १९८०च्या दशकात साडेआठ लाखांच्या घरात असलेली लोकसंख्या आता साडेसहा लाखांच्या आसपास आहे, याचे मोठे कारण असे की तिथल्या कापडगिरण्या सोव्हिएत बाजारपेठेवर विसंबून होत्या आणि ती बाजारपेठ कोसळताच एकामागून एक बंद पडल्या. पण त्या इमारती पडून राहिल्या नाहीत. इझ्राएल पोझ्नान्स्कीच्या गिरणीच्या आवारात २००६ पासून ‘मानुफाक्तुरा’ हे व्यापारी संकुल उभे आहे. तिथल्या लाल विटांच्या सूतगिरणीचे हॉटेल झाले असून आगीसाठी पाणी साठवण्याची छतावरची जुनी ओतीव लोखंडी टाकी आता पोहण्याचा तलाव आहे.

जे उचलून नेता येत नाही, त्यावर माझा अधिक भर असायला हवा होता. उत्तर-दक्षिण ए१ आणि पूर्व-पश्चिम ए२ हे महामार्ग शहरालगत स्त्रिकूफपाशी एकमेकांना छेदतात, म्हणून तिथे गोदामांची दाटी झाली आहे. चीनमधील चेंगदूहून २०१३ पासून मालगाडीही येते, पण ती रशिया आणि बेलारूसमधून येत असल्यामुळे तिच्यावर सगळी भिस्त ठेवू नये, असे मी स्पष्ट सांगेन. मनुष्यबळाचे म्हणाल, तर १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसने २००७ मध्ये फिलिप्सची हिशेब-सेवा केंद्रे घेतली, त्यांतले एक वूचमध्ये होते.

वॉर्सा का नको, असेही आपण विचारले आहे. ग्राहक, मंत्रालये आणि बँकांची मुख्यालये यांच्याशी रोजचे काम असेल, तर वॉर्सालाच जावे. युरोपभर माल पोहोचवायचा असेल किंवा हिशेबनिसांचे कार्यालय थाटायचे असेल, तर मी आजही वूचच सुचवेन.