अण्णांची जीप मी विकणार नाही

नंबर प्लेटवरून हा विषय घरात निघाला. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंद झालेल्या सगळ्या गाड्यांना नवी एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावायची आहे, हे आता लहान लेकरालाही पाठ झालंय. आमच्याकडं तशा दोन गाड्या. माझी मोटारसायकल आणि अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची जीप. मोटारसायकलची प्लेट पाच मिनिटांत बुक केली. जीपची करायची म्हटलं आणि मोबाइल हातात धरून ओट्यावर तसाच बसून राहिलो. चारचाकीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी. पैशाचं काही नव्हतं. ज्या गाडीत घरातलं माणूस बसायला तयार नाही, तिला नवी प्लेट कशाला, हे मनात आलं आणि हात थांबला.

तेव्हापासून दोन महिने मी याच विचारात आहे. गावातले, नात्यातले, शाळेतले मित्र, सगळ्यांनी सल्ले दिले. म्हणून आज सविस्तर लिहितोय.

जीप २००० सालची. डिझेल, ताडपत्रीचा हूड, एमएच २३. कापसाची पट्टी आली त्या साली अण्णांनी घेतली, मी बारावीला होतो. आमचं गाव बीड जिल्ह्यात, धारूरच्या घाटाखाली, तेलगावच्या अंगाला. तेव्हा गावात चारचाकी दोनच, त्यातली एक ही. गावातल्या किती नवऱ्या मुली या जीपमधून सासरी गेल्या, मोजता येणार नाही. अण्णांनी लग्नाच्या भाड्याचा रुपया घेतला नाही, फक्त डिझेल टाका म्हणायचे. पुढच्या खणाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ते पेन्सिलीनं लिहायचे. तारीख, किलोमीटर, किती लिटर. अक्षर बारीक आणि सरळ, तलाठ्यासारखं. शेवटची नोंद २०१९ च्या मार्चची आहे. त्यानंतर अण्णा गेले आणि मी त्याखाली काही लिहिलं नाही.

२०१६ चा उन्हाळा आपल्याकडं कुणी विसरणार नाही. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. आमच्या गावाला कुठली रेल्वे? चार किलोमीटरवर एका पाहुण्याच्या विहिरीला पाणी होतं. जीपची मागची बाकडी काढून दोनशे लिटरचे चार ड्रम उभे केले आणि मार्चपासून पाऊस पडेपर्यंत अण्णा दिवसाला तीन-तीन खेपा करत होते. ड्रमला झाकणं नव्हती, गोणपाट बांधलेलं. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला पाणी हिंदकळायचं आणि मागच्या पत्र्यावर सांडायचं. पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या बसल्या, त्या नंतर बदलल्या. पाणी मात्र खाली जिथं मुरायचं तिथं मुरलं. हे आत्ता का सांगतोय ते पुढं येईल.

गाडी जुनी झाली की रुसते. थंडीत इंजिनाचा हीटर नीट घेत नाही, सेल्फ फिरत राहतो, बॅटरी बसते. म्हणून आम्ही ती कायम उतारावर, मारुतीच्या पाराकडं तोंड करून लावतो. या सगळ्याचं मला कधी दुःख झालं नाही. पाच मिनिटं जास्त लागतात, शेजारच्या दोघांना धक्का मारायला हाक मारावी लागते. माझं पहिलं मत असं आहे की चालू न होणाऱ्या गाडीवर कुणी रागवू नये. ती उशीर करते, एवढंच. भीती धरावी ती वाटेत सोडणाऱ्या गाडीची, आणि त्याहून जास्त न थांबणाऱ्या गाडीची.

गेल्या जानेवारीत रात्री साडेअकराला आईला दम लागला. तिचं वय ७६. रुग्णवाहिकेची वाट बघण्यापेक्षा आपली जीप दारात आहे, असं मी ठरवलं. तो निर्णय माझा होता. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं, म्हणजे आधी धारूरचा घाट चढायचा. ज्यांनी तो घाट पाहिलाय त्यांना सांगायला नको. अरुंद, वळणावर वळणं, आणि कारखान्याचा हंगाम चालू. अर्ध्या घाटात जीपनं दोन आचके दिले आणि बंद पडली.

एअर धरली होती. डिझेलच्या गाडीला कुठंतरी बारीकशी फट मिळाली की पाइपात हवा शिरते आणि पंपाला डिझेल मिळत नाही. हे काम मला येतं. फिल्टरवरचा सतरा नंबरचा बोल्ट सैल करायचा आणि हातपंप दाबत राहायचं. आधी नुसता फेस येतो, मग फेसात डिझेल, मग फेस संपून स्वच्छ डिझेलची धार. तेव्हा बोल्ट आवळायचा. दिवसा, आपल्या दारात दहा मिनिटांचं काम. पण त्या रात्री हँडब्रेक ओढून खाली उतरलो आणि जीप हळूच मागं सरकली. बोटभरच सरकली असेल. आई आत बसलेली होती. मी धावत जाऊन मागच्या चाकाला आधी स्वतःचा पाय लावला, मग दगड शोधला. तेवढ्यात वरून उसाच्या रिकाम्या दोन ट्रॉल्या घेऊन एक ट्रॅक्टर आला. ड्रायव्हर पोरगाच होता, वीस-बावीसचा. त्यानं ट्रॅक्टर कडेला घेतला, आणखी दोन मोठे दगड आणून लावले आणि मोबाइलची बॅटरी धरून उभा राहिला. माझे हात कापत होते, बोल्टवरून पाना दोनदा निसटला. चाळीस मिनिटं गेली. आई शाल डोक्यावरून घेऊन, पुढची लोखंडी दांडी दोन्ही हातांनी धरून बसली होती. एक शब्द बोलली नाही.

दवाखान्यात पोहोचलो, ऑक्सिजन लावला, चार दिवसांत आई घरी आली. त्या पोराचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही. हे कुणी त्याच्यापर्यंत पोहोचवलं तर बरं होईल.

पंधरा दिवसांनी तपासणीला जायचं होतं. मी जीप पुसून, डिझेल भरून काढली. आई पिशवी घेऊन दारात आली आणि म्हणाली, "मला फाट्यावर सोड फक्त, मोटारसायकलवर. मी यस्टीनं जाते."

मी म्हणालो, "आगं जीप काढलीय की."

"राहू दे रे. मला तिकीट लागत नाही आता. उगं कशाला डिझेल जाळायलास?"

पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसाला २०२२ पासून एसटी फुकट आहे, हे खरंच. पण कारण ते नव्हतं. तिनं मला वाईट वाटू नये म्हणून तिकिटाचं नाव पुढं केलं. अण्णांच्या मागं बसून जिनं आख्खा मराठवाडा पाहिला, औंढ्या-परळीला गेली, माहूरला गेली, ती जीपला हातही न लावता बाजूनं निघून गेली. जीप ठेवायची की नाही हा निर्णय माझ्या आईनं त्या दिवशीच घेतला होता. मला कळायला दहा महिने लागले.

आता हिशेबाचं. सगळे सल्ले देणारे आधी हिशेब मांडतात: "एवढा खर्च करतोस, त्यात नवी येईल." येत नाही. मी वही ठेवतो. गेल्या वर्षी जीपवर अडतीस हजार गेले. क्लच प्लेट, सेल्फ, नोझल, दोन टायर. नव्या गाडीला सहा लाखांचं कर्ज काढलं, साडेनऊ टक्के व्याज आणि पाच वर्षांची मुदत धरली, तर महिन्याला साडेबारा हजारांच्या वर हप्ता बसतो. वर्षाचे दीड लाख. वर विमा वेगळा. जुनी गाडी नेहमीच स्वस्त पडते, हे मी वही पुढं ठेवून कुणालाही दाखवीन. म्हणूनच माझं म्हणणं आहे की हा निर्णय वहीवर घेऊ नका. घाटातल्या त्या चाळीस मिनिटांचा रकाना माझ्या वहीत नव्हता.

कायद्याचीही सक्ती नाही. दिल्लीत दहा वर्षांची डिझेल गाडी बाद ठरवण्यावरून केवढा गदारोळ झाला, आपल्याकडं तशी वयाची बंदी नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं, पुढं तपासणी करून पाच-पाच वर्षं वाढवायची. मी २०१५ ला वाढवली, २०२० ला वाढवली. फी मात्र वाढत गेली. २०२२ च्या एप्रिलपासून सहाशेचे पाच हजार झाले आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या चारचाकीला दहा हजार. शिवाय पर्यावरण कर. तेही भरले असते. पण भरण्याआधी म्हटलं, मिस्त्रीला एकदा सगळी गाडी खालून दाखवावी.

हे मिस्त्री अण्णांच्या वेळचे. त्यांनी जीप खड्ड्यावर घेतली, खाली उतरले आणि हातोडीनं चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा वाजवत मागं गेले. टण, टण, टण. मागच्या पाट्याचा हँगर जिथं चासीला बसतो तिथं आवाज बदलला. बद्द. त्यांनी पेचकस घेतला, टोक टेकवलं आणि नुसतं दाबलं. पेचकस मुठीपर्यंत आत गेला. गंजाचा चुरा त्यांच्या मनगटावर पडला. बरोबर ड्रम उभे असायचे त्याच्या खालची जागा.

"इंजन मी तुम्हाला धा वेळा बांधून देतो," ते म्हणाले, "चासी नाही. इथं दोनदा वेल्डिंग मारलंय मी. आता वेल्डिंग धरायला लोखंडच राहिलं नाही." ब्रेकचे पाइपही त्याच बाजूनं गेलेले, तेही खाल्लेले.

गावाला पाणी पाजताना ती आतून गेली. हे समजल्यावर मी घरी येऊन कुणाशी बोललो नाही.

मग विकण्याचं निघालं. ही बातमी कशी पसरते देव जाणे, दोन दिवसांत गिऱ्हाईक दारात. सत्तर हजार रोख म्हणाला. इंजिनाचा आवाज ऐकला, खूश झाला. चासी मी स्वतः दाखवली. तो वाकलासुद्धा नाही. त्यानं विचारलं, "मागं किती बसतात?" मी म्हणालो आठ. तो म्हणाला, "चौदा-पंधरा बसतील की, दोघं मागच्या फळीवर."

आपल्या भागात जुन्या जिपा कुठं जातात हे सगळ्यांना माहीत आहे. बाजाराच्या दिवशी, यात्रेला, ऊसतोडीच्या हंगामात माणसं भरून त्याच घाटातून पळतात. ज्या गाडीत मी माझी आई बसवत नाही, त्या गाडीत कुणाच्यातरी आईला, कुणाच्यातरी कोयता घेऊन निघालेल्या लेकराबाळांना बसवायचे मी सत्तर हजार घ्यायचे? पैशाची गरज मला होती. सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीन रानातच कुजलं, जे निघालं ते काळं पडलेलं. तरी मी त्याला चहा पाजून नाही म्हणालो. घरात यावरून बोलणी झाली. धाकट्या भावाचं म्हणणं, विकल्यावर तो काय करतो ते आपण बघायचं नसतं. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. गाडीचा दोष ज्याला माहीत आहे, त्यानं तो पुढं ढकलला तर पुढच्या अपघातात त्याचाही वाटा आहे.

तात्या, म्हणजे माझे चुलते, वेगळं म्हणाले. "म्हातारा बैल आपल्यात कुणी बाजारात नेत नाही. दावणीला राहू दे, खाईल तेवढं खाईल." हे ऐकून मी आठ दिवस विरघळलो होतो. शेडमध्ये उभी करू, पोळ्याला पुसू, हार घालू. पण बैल दावणीला बसून राहतो. उभी जीप कुणीतरी चालू करतंच. माझा पुतण्या सतराचा आहे, त्याला चावी कुठं टांगलेली असते ते माहीत आहे, आणि रानापर्यंतच तर जायचंय असं म्हणायला त्याला किती वेळ लागणार?

म्हणून जीप मोडीत द्यायचं ठरवलंय. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच. रस्त्यावरच्या भंगारवाल्याला दिली तर लोखंड जातं, पण कागदावर गाडी आपल्या नावानं जिवंत राहते आणि तिचा चासी नंबर उद्या कुठं निघेल सांगता येत नाही. केंद्रात दिल्यावर सर्टिफिकेट मिळतं आणि आरटीओत नोंद रद्द होते. त्या कागदावर नवी खासगी गाडी घेणाऱ्याला रोड टॅक्समध्ये सूट मिळते, केंद्र सरकारच्या धोरणात ती २५ टक्क्यांपर्यंत ठेवलेली आहे. नवी घेणाऱ्यांनी ती सोडू नये. मला ती लागू नाही, कारण मी सोसायटीकडून उचल घेऊन सात वर्षांची वापरलेली छोटी कार घेतलीय, तीही चासी वाजवून. परवा आई तिच्यात पहिल्यांदा बसली. बसल्याबसल्या तिचे दोन्ही हात पुढं गेले, दांडी शोधायला. दांडी नाही म्हटल्यावर हात मांडीवर ठेवून बसली, आणि घाट चढून अंबाजोगाईला जाऊन आली.

पुढच्या सोमवारी जीप न्यायची आहे. खणाचं झाकण मी काढून घेतलंय, चार स्क्रू होते, एक तुटला. ते घरात लावणार आहे.

एकच काम राहिलंय. आमच्याकडं जीपचे फोटो फार थोडे आहेत, कारण अण्णा कायम स्टेअरिंगवर आणि कॅमेरा कायम लग्नघरच्यांकडं. २००० पासून पुढं आमच्या पंचक्रोशीत ज्यांची लग्नं झाली, त्यांनी घरातले अल्बम एकदा काढून बघा. मुलीच्या पाठवणीच्या फोटोत मागं पांढरा हूड, बॉनेटवर झेंडूची माळ आणि खिडकीशी टोपीतला माणूस दिसला, तर तेवढा फोटो मला पाठवा. मोबाइलवर काढलेला फोटोही चालेल. आईला दाखवायचे आहेत.